खिंडीतलं तापमान

एल्ड्रिडला तीरिलचा पहिल्यांदा हेवा वाटला तो तिच्या झोपेचा. दोघी ट्रोंडहाइमला एकाच खोलीत राहायच्या आणि एकाच क्लबकडून स्की करायच्या. पण एल्ड्रिड पहाटे पाठीला फावडं बांधून डोंगरात जायची, बर्फात खांद्याएवढा खड्डा खणायची, थर मोजायची, बर्फाचे दाणे भिंगाखाली बघायची आणि मग दुपारी सरावाला यायची. हिवाळे उबदार होत चाललेत तसा बर्फ कसा बदलतोय, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. तीरिल शिक्षिका व्हायला शिकत होती, तेही एका सत्राला एकच विषय घेऊन. नऊ तास झोपायची, वाडगाभर ओटची लापशी खायची आणि चढावर एल्ड्रिडला सहज मागे टाकायची.

"तुझे हात बघ गं, गवंड्यासारखे झालेत," ती हसायची. "दे फेकून ते फावडं, आणि मग धर मला."

एल्ड्रिडही हसायची, पण मनातून जळत राहायची.

एकदा तीरिल हौसेने खड्डा खणायला आली. एल्ड्रिडच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक, प्राध्यापिका गुनवोर, वाकून बघत राहिल्या. "इतके स्वच्छ थर कोणी कापले?"

"तीरिलनं," एल्ड्रिड म्हणाली.

"हातात कसब आहे हो मुलीच्या!"

चार वर्षांत हे वाक्य एल्ड्रिडच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने पाव आणि तपकिरी चीज भिंतीकडे तोंड करून खाल्लं.

मार्चमध्ये तीस किलोमीटरची शर्यत होती. पहिल्या पाच जणींना विद्यार्थ्यांच्या संघात जागा मिळणार होती. वाट जायची ती स्टोरहेया डोंगराच्या खिंडीतून. तिथेच एल्ड्रिडचं प्रबंधासाठीचं हवामानाचं यंत्र उभं होतं. दर दहा मिनिटांनी ते तिच्या फोनवर तापमान आणि पडणाऱ्या बर्फाची नोंद पाठवायचं.

सकाळी खाली उणे चार होतं. सगळ्या जणी स्कीला मेण लावत होत्या. एल्ड्रिडने फोन पाहिला. खिंडीत तापमान शून्याच्या वर गेलं होतं आणि नवा, ओला बर्फ पडत होता. असा बर्फ मेणाला चिकटतो, गोळे धरतात, पाय उचलवत नाही. ती गाडीमागे गेली आणि दुसऱ्या जोडीचा तळ पॉलिश पेपरने खरवडला. तसा तळ मेणाशिवायही बर्फाला पकडतो.

तीरिल मेणाची डबी हातात घेऊन आली. "वर काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"उणे चार. इथल्यासारखंच."

"नक्की ना?"

"मी कशाला खोटं सांगू?"

तीरिल नेहमीप्रमाणे पुढे निघून गेली. खिंडीत मात्र एल्ड्रिडला ती वाटेच्या कडेला दिसली. एका स्कीच्या धारेने दुसरीखालचे गोळे खरवडत होती, पाय आपटत होती. एल्ड्रिडला बघताच ओरडली, "शाबास! थांबू नकोस, पळ!"

एल्ड्रिड चौथी आली आणि तीरिल अडतिसावी.

क्लबच्या खोलीत वॅफल आणि जॅम वाटत होते. प्रशिक्षक ओड्वार एल्ड्रिडची पाठ थोपटून गेले. तीरिल ओल्या केसांनी तिच्या शेजारी येऊन बसली.

"अगं, तुझं यंत्र बिघडलंय. वर शून्याच्या वर होतं, शपथेवर सांगते. मी आत्ताच गुनवोरना फोन केला. त्या म्हणाल्या, असं असेल तर हिवाळ्याच्या सगळ्या नोंदी बाजूला काढाव्या लागतील. रडू नकोस हं. उद्या आपण दोघी वर जाऊन तपासू."

एल्ड्रिडने हातातलं वॅफल खाली ठेवलं. आता खरं बोलणंही तिच्याच फायद्याचं होतं, प्रबंध वाचणार होता. म्हणून ते आणखीच जड झालं.

"यंत्र बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं."

तीरिलने विचारलं, "का?"

"तू झोपतेस म्हणून. तू जिंकतेस म्हणून. गुनवोर तुला..."

"पुरे." तीरिलने हातमोजे उचलले. "मला स्कीवर हरवायचं होतंस गं."

एल्ड्रिडने ओड्वारलाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मेणाचं सगळेच लपवतात. नियम काही तू मोडला नाहीस. मैत्रिणीचं तुझं तू बघ." एल्ड्रिड विद्यार्थ्यांच्या संघातर्फे शर्यतीला गेली आणि तिथे पन्नासाव्या क्रमांकाच्याही मागे राहिली. खरं कळलं त्याच आठवड्यात तीरिलने खोली बदलली होती.

प्रबंध पुरा झाला. एल्ड्रिडला बर्फ मोजायचीच नोकरी लागली. तीरिल पुढच्या वर्षी देशाच्या संघाच्या सरावात गेली. रेडिओवर तिचं नाव आलं की एल्ड्रिडच्या मनात अजूनही आधी हेव्याची ठिणगी पडायची. तरी ती बातमी शेवटपर्यंत ऐकायची.

दोन हिवाळ्यांनंतर एका रविवारी तीरिलचा फोन आला. "येतेस का लांब फेरीला?"

चढावर तीरिल पुढे गेली आणि माथ्यावर थांबली. एल्ड्रिड धापा टाकत पोचली, तेव्हा ती संत्रं सोलत होती. अर्ध्या फोडी तिने पुढे केल्या.

"अजून जळतेस का माझ्यावर?"

"हो."

"बरं झालं, सांगितलंस." तीरिलने सालं खिशात टाकली. "चल, घाम गार होतोय."