उजेड मोजणारी आत्या

आत्या गेली. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर फिरतोय तो गोरा फोटो तिचा नाही.

म्हणजे नाकडोळे तिचेच आहेत. माझ्या चुलत भावाने, रोहितने, घाईत तिचा फोटो ॲपमध्ये टाकून निधनाचा मेसेज बनवला.

"फिल्टर आपोआप लागला गं ताई. पण छान दिसतेय ना?"

"छान दिसतेय. आत्या दिसत नाहीये."

आत्या काळी होती. सावळी वगैरे नाही, काळी. मीही आहे.

ती बाबांची मोठी बहीण. नाशिक रोडला तिचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेरे डिजिटल झाले तरी गळ्यात लाइट मीटर असायचाच. तळहातात मावणारा, वर पांढरी अर्धगोल टोपी.

माझ्या लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायचा होता. आई सोबत आली.

"वन्सं, थोडा उजळ काढा हं. हल्ली फोटो बघूनच नाही म्हणतात."

आत्याला हे रोजचंच. बरेच स्टुडिओवाले मुलींच्या फोटोत न सांगताच एक स्टॉप वाढवतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड.

"वाढवते की. मग ते घरी येऊन नाही म्हणतील. तुझे पोहे वाया."

आईने माझा पदर नीट केला.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. सातपूरला एका लॅबमध्ये मोजायची उपकरणं अचूक आहेत का ते तपासते. त्यामुळे विचारलंच, "कॅमेऱ्यात मीटर असताना हा कशाला?"

"कॅमेरा तुझ्यावरून परत आलेला उजेड मोजतो. तुझी साडी गडद, तू गडद. त्याला वाटतं अंधार पडलाय, नि तो सगळं धुऊन काढतो. हा मीटर तुझा रंग विचारतच नाही. तुझ्यावर उजेड किती पडतोय, तेवढंच सांगतो."

तिने मीटर माझ्या हनुवटीखाली धरला, टोपी कॅमेऱ्याकडे. फ्लॅश उडवला. आलेला आकडा तसाच कॅमेऱ्यावर लावला.

फोटोत मी माझ्याच रंगाची होते आणि चेहऱ्यातलं सगळं दिसत होतं.

तोवरच्या फोटोंत मी एकतर डाग असायचे, नाहीतर पीठ फासलेली.

काही ठिकाणांहून उत्तर आलं नाही. एक कुटुंब घरी आलं. तिथेही जमलं नाही, पण कारण नोकरीच्या गावाचं होतं.

आत येताना त्यांच्यातलं कोणी मला बघून दचकलं नाही.

ही किती मोठी गोष्ट असते, ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना कळेल.

पुढे एकदा मी तिचा मीटर लॅबमध्ये तपासून आणला.

"उजेड जरा कमी दाखवतो. एक तृतीयांश स्टॉप."

तिने मनात हिशोब केला. "म्हणजे फोटो तेवढा जास्त उजळ. इतकी वर्षं मी सगळ्यांना थोडं गोरंच काढत होते की गं."

"थोडंसंच."

"तुझ्या आईला सांगू नकोस."

गेल्या दिवाळीत स्टुडिओत मी तिचा पोर्ट्रेट काढला. मीटर तिनेच माझ्या हातात दिला आणि लगेच सूचना सुरू.

"टोपी कॅमेऱ्याकडे कर. मला काय दाखवतेस?"

त्या फोटोत तिचे ओठ किंचित उघडे आहेत, कारण तिचं बोलणं संपलेलं नव्हतं.

आज दुपारी मी तो फोटो ग्रुपवर टाकला.

काकूंनी लिहिलं, "आधीचा बरा होता."

रोहितने आधीचा मेसेज डिलीट केला आणि हा फोटो लावून नवा पाठवला.

बाबा सकाळपासून एकेकाला फोन करून अंत्यविधीची वेळ सांगत होते. आवाज अगदी ऑफिसचा. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"हां," म्हणाले. "ही अक्का."

आणि मग ते रडले.

आत्या, मनापासून आभार. भावपूर्ण निरोप.