बुगडी गाभण आहे का?

मंगल माझी मोठी जाऊ. मी तिला आक्का म्हणते. हिर्डोशीत आमचं घर वरच्या आळीला आहे, खाली भाताची खाचरं आणि त्याच्या खाली धरणाचं पाणी. मी नसरापूरची, हमरस्त्याच्या गावात वाढलेली. लग्न होऊन इथं आले तेव्हा एसटीची वाट बघण्यातच माझा निम्मा जीव जायचा. आक्का मात्र कधी कशाची वाट बघताना दिसली नाही. कामाला वाघ आणि बोलायला मुकी. मी दहा वाक्यं बोलते, ती सगळी ऐकून घेते आणि शेवटी 'हं' म्हणते. सुरुवातीला मला तिचा फार राग यायचा.

तिला मूल झालं नाही. याचा त्रास तिच्यापेक्षा गावालाच जास्त. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला कुणी पुढं बोलवत नाही. ती पण न बोलवता चुलीपाशी बसते आणि शंभर माणसांच्या भाकरी थापते. त्या मात्र सगळ्यांना चालतात. एकदा नळावर भांडण झालं तेव्हा आमच्या शेजारच्या फुलाबाईनं तिच्या तोंडावर शब्द फेकला, "भाकड मेली!" दूध न देणाऱ्या, न विणाऱ्या जनावराला भाकड म्हणतात. आक्कानं हंडा उचलला आणि घरी आली. मी जाऊन फुलाबाईशी भांडले. माझा आवाज खालच्या आळीपर्यंत ऐकू गेला म्हणतात, आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

मी पोटुशी राहिले तेव्हा आक्काचा एकच हुकूम होता. "पोट दिसलं की जग बगंलच. तवर तोंड उघडू नगंस." आईला फोनवर सांगायचं तरी मला गोठ्यामागं पाठवलं आणि स्वतः राखणीला उभी राहिली. बाईचं असो की गाईम्हशीचं, आमच्याकडं अशी गोष्ट लवकर बोलत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. मी तेव्हा हसले होते.

बुगडी ही आक्काची शेळी. काळीभोर, कानांच्या कडेला पांढरे ठिपके, बुगड्या घातल्यासारखे. दोनदा बोकड दाखवूनही ती ठरली नव्हती, म्हणजे गाभण राहिली नव्हती. आक्काचे मालक धनाजी, म्हणजे माझे मोठे दीर, माणूस वाईट नाही पण हिशेबाला कोरडा.

"आता न्हाई ठरली तर व्यापाऱ्याला देऊन टाकू," ते म्हणाले. "नुसतं बसवून कोन पोसनार?"

व्यापारी जनावर कापायलाच नेतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आक्का तिसऱ्यांदा बुगडीला पलीकडच्या वाडीत बोकडाकडं घेऊन गेली. त्यानंतर शेळी पुन्हा माजावर आली नाही. आक्काला काय ते कळलं. मलाही कळलं, कारण ती गोठ्यात एकटीच हसत होती. दिरांना तिनं एवढंच सांगितलं, "थांबा जरा."

आणि नेमकी तेव्हाच बुगडी आजारी पडली. धरणाचं पाणी ओसरलं की काठाला हिरवंगार गवत येतं. बाकी डोंगर वाळलेला असतो, मग शेळ्या तिकडंच धावतात. आधी लेंड्या एकमेकींना चिकटायला लागल्या, मग पातळ झाल्या. पोट डावीकडून फुगलं, रवंथ बंद पडला. आक्कानं ताकात ओवा आणि हिंग घालून पाजलं. फुलाबाईनं कुंपणावरून गोडंतेल सुचवलं, तिच्या सुनेनं कडुलिंब सांगितला. आमच्या गावात औषध सांगायला पैसे पडत नाहीत. पोट उतरलं, पण शेळी उठेना. जबड्याखाली मऊ सूज आली, पाणी भरल्यासारखी लोंबायला लागली.

मी भोरच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. स्वरूप त्यांचं नाव. मिसरूड फुटलेलं पोरगंच वाटतं, पण हात हलका. मोटरसायकलवरून आले, अंगणातच बसले, बुगडीची खालची पापणी ओढून दाखवली.

"बघा, पांढरीफटक. रक्तच राहिलेलं नाही. पोटात जंत झालेत. त्या काठच्या गवतातून यकृतातही गेले असणार." मग बॅग उघडत त्यांनी विचारलं, "गाभण आहे का?"

डॉक्टर आले म्हणून फुलाबाईही आपली शेळी घेऊन येऊन उभी होती. आणखी दोन-चार बायका होत्या. दीर दारात होते.

"न्हाई," आक्का म्हणाली.

"नक्की ना, मावशी? औषध त्यावर ठरतं."

"न्हाई म्हनलं न्हवं? भाकड हाय ती."

तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि ठाऊक असूनही मी तिचं खोटं उघडं केलं नाही. फुलाबाईनं मान खाली घातली. डॉक्टरांनी पातळ औषध मापानं पाजलं, रक्तवाढीची बाटली दिली, पाण्याकडं चारू नका म्हणून बजावलं आणि गेले.

औषध लागू पडलं. सूज उतरली, लेंडी पुन्हा दाणेदार पडायला लागली. आक्का सकाळी उठून आधी लेंड्या बघायची आणि मग देवाला हात जोडायची. मी तिला चिडवलं, "आक्का, देवाचा नंबर लेंडीच्या मागं लागला की!" त्यावर ती चक्क खळखळून हसली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी तिनं मला हाक मारली. बुगडीच्या शेपटीखाली रक्त होतं. पायाशी पाल्यात काहीतरी पडलं होतं, तळहातावर मावेल एवढं. आक्कानं ते पदरात घेतलं. परसात पेरूच्या बुडाशी खड्डा खणला, पुरलं आणि वर दगड ठेवला. दीर शेतावर होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. झालं ते ऐकून ते म्हणाले, "कोवळ्या दिवसांत ते औषध देत नाहीत. म्हणून तर दोनदा विचारलं. आता औषधानं गेलं की आजारानं, हे मला नक्की नाही सांगता येणार."

मग माझं डोकं फिरलं. मी आक्कावर ओरडले. "एवढा डॉक्टर दोन-दोनदा विचारतोय, तर बोलायला काय झालं होतं? दृष्ट, दृष्ट! कुणाची लागली आता?"

ती पेरूखाली बसून होती. हाताची माती झटकत म्हणाली, "लगीन झालं त्या वर्सी मला दिस गेलं व्हतं, शेफाली."

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"लई आनंद झाला. हिरीवर समद्या बायांना सांगत सुटले. पुढल्या म्हैन्यात गेलं. सासूबाई म्हनल्या, तुज्या तोंडानं गेलं." तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहतच राहिले. "तवा बोलले म्हनून गेलं. आता बोलले न्हाई म्हनून गेलं. बाईनं करायचं तरी काय?"

मी तिच्याशेजारी मातीत बसले. मला रडूच आवरेना.

औषधानं बुगडी अंगानं भरली, तिच्या पाठीवर हात ठरेनासा झाला. दिरांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो आला, कंबर दाबून पाहिली, दावं हातात घेतलं.

"गाभन न्हाई ना? गाभन आमी न्हेत न्हाई."

"न्हाई वो," दीर म्हणाले.

आक्का चुलीपुढून उठली. पिठाच्या हातानंच अंगणात आली आणि कुंपणापलीकडं फुलाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "हाय. गाभन हाय ती."

व्यापाऱ्यानं दावं सोडलं. दिरांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग शेळीकडं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आगं, मग आधी न्हाई का सांगायचं!" फुलाबाईसुद्धा कुंपणापाशी आली आणि बरं झालं बाई म्हणाली. आक्का आत गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी तिच्या मागोमाग गेले आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. चारचौघांत ही गोष्ट ती आयुष्यात दुसऱ्यांदा बोलली होती. पहिल्यांदा ती खरी होती.