आमदारांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं

मंडळी, आज आमचे आमदार विधानसभेत चक्क बोलले!

सोनपेठजवळच्या आमच्या गावाची सकाळची एसटी बंद आहे. त्यामुळे शेजारच्या निवृत्त गुरुजींची नात कॉलेज सोडून घरी बसलीय. गुरुजींनी आमदारांना पत्र लिहिलं होतं. साहेबांनी सभागृहात तेच वाचलं. गुरुजींसह आम्ही हॉटेलात मोबाइलवर बघत होतो.

साहेबांनी एक अक्षर सोडलं नाही. शेवटचं 'वहिनीसाहेबांना नमस्कार सांगा' हेही अध्यक्षांना ऐकवलं! सभागृह खदखदून हसलं, पण मंत्र्यांनी सोमवारपासून बस कबूल केली.

मी म्हणालो, "गुरुजी, आपल्या आमदारानं तुमची लाज काढली की!"

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "काढू द्या. बाकीचे तर पाकीटबी फोडत न्हाईत. यानं नमस्कारापर्यंत वाचलं."

तुमचे आमदार कुठपर्यंत वाचतात हो?