यादीचा आकडा

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला मान वर करून बोलतच नाही. काहीही विचारा, "लिहून ठेवलं हाये, भाऊ." प्रत्येक प्रोग्रामसोबत त्याचा हाताने लिहिलेला कागद असतोच.

बीटी कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी पाहणीच्या गावांची यादी तो काढायचा, आणि दरवेळी गावांचा क्रम बदलायचा. लोक त्याच्यावरच संशय घेऊ लागले. मग त्याने कागद लिहिला : प्रोग्रामची भाषा दरवेळी मनाने नवा आकडा उचलते आणि त्यावरून गावं लावते, म्हणून क्रम बदलतो. सेटिंगमध्ये आकडा ठरवून दिला, की क्रम कायम राहतो.

तो कागद नीट वाचला फक्त साहेबांनी. "मंग माह्या सासऱ्याचं गाव पहिलं येईन असा आकडा शोध ना बे!"

नुकसानभरपाईच्या पाहणीचं पथक पहिल्या दहाच गावांत जाणार होतं. बोंडं अळीने खाल्ली, आता हा साहेब यादी खायला बसला! माझं डोकं फिरलं.

कॉम्प्युटरवाल्याने तसा आकडा शोधला. सकाळी फळ्यावर यादी लागली आणि तिच्याखाली त्याचा कागद : "आकडा ७३१. साहेबांच्या सासऱ्यांचं गाव पहिलं यावं म्हणून, साहेबांच्या सांगण्यावरून."

"हे काऊन लावलं बे?" साहेब ओरडले.

त्याने मान वर केली. "सेटिंग बदलवली त लिहून ठेवा लागते, साहेब."