इडाला कामाला लावलं तो आठवडा

छत्रीबागेतल्या प्रमोदिनीच्या चकल्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विजय नगरपर्यंत जातात. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी आलेल्या तिथल्या फ्लॅटवाल्यांना फराळ करायला वेळ नसतो, म्हणून दसरा झाला की हिच्याकडे सकाळी सहालाच कढई चढते. मदतीला जनाबाई. प्रमोदिनी सत्तेचाळीसची, अंगाने किरकोळ, पण एकदा हो म्हणाली की मग तिला कुणी हलवू शकत नाही.

मुलगी स्वानंदी स्टुडंट एक्स्चेंजमधून वर्षभर डेन्मार्कला जायचं म्हणाली, तेव्हाही पहिलं हो हिचंच. नियम असा होता, की ज्या घरातून मूल जातं त्या घराने बाहेरचं एक मूल वर्षभर सांभाळायचं. सासरे जयसिंगराव खूश झाले. "आपले पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. पाहुणचार आपल्याला कोण शिकवणार?"

ऑगस्टमध्ये इडा आली. सोळा वर्षांची, उंच, तिकडच्या एका छोट्या गावातली. तिच्या आईला प्रमोदिनीने व्हिडिओ कॉलवर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं : आजपासून ही माझी मुलगी.

आणि मग पाहुणचार सुरू झाला. स्वानंदीची एसीवाली खोली इडाला. ताट वाढून समोर. ती ताट उचलून उठली की तीन बाजूंनी तीन हात यायचे, "अरे अरे, राहू दे!" कपडे इस्त्री होऊन पलंगावर. शाळेत सोडायला आणि आणायला प्रमोदिनीचा नवरा मोहनराव कार घेऊन. दुपारी चकल्या तळताना ती दारात येऊन उभी राहिली, तर जनाबाई ओरडायची, "बेबी, तेल उड़ेगा, अंदर जाओ." ती आत जायची.

बुधवारी एक्स्चेंजच्या संयोजक विनीता मॅडमचा फोन आला. "प्रमोदिनीजी, इडा वापस जाना चाहती है. मैं संडे को आती हूँ, बैठकर बात कर लेते हैं."

प्रमोदिनीने झारा खाली ठेवला आणि घरात सांगितलं.

"तिखट लागलं असणार," जयसिंगराव म्हणाले.

"जाऊ दे ना," मोहनराव म्हणाले. "जबरदस्ती थोडी आहे? आपण काही कमी नाही केलं."

"जाऊ कशी देऊ? तिच्या आईला मी शब्द दिलाय. तुम्ही नाही दिला."

ती तडक इडाच्या खोलीत गेली. दोघींचं इंग्रजी जेमतेम, पण त्याने एक बरं झालं, गोल गोल बोलता आलं नाही.

"काय कमी पडलं?"

इडाने नखांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात. पण मी हॉटेलमध्ये राहायला आले नव्हते." थोड्या वेळाने शाळेचंही निघालं. तिला वाटलं होतं, इंडियात वर्ग भरलेला असेल, गोंगाट असेल, मैत्रिणी असतील. अकरावीच्या हजेरीत बेचाळीस नावं होती आणि वर्गात सहाजण. बाकी सगळे कोचिंगला. ते सहाजणही मान खाली घालून गणितं सोडवायचे. टीचर म्हणायच्या, इडा, तू लायब्ररीत बस. "मी तिथे बसते. मग इथे बसते."

प्रमोदिनीला राग आला. आधी इडाचा, मग शाळेचा. भाजी चिरताना तिला स्वानंदीचा पहिल्या आठवड्यातला फोन आठवला. पोरगी रडत होती. तिकडच्या घरी कामांची यादी लावलेली, त्यात तिचंही नाव. शनिवारी बाथरूम घासायचं. "मोलकरीण समजतात का तुला?" असं हीच तावातावाने म्हणाली होती. आणि मागच्या महिन्यात आठ दिवस फोनच नाही. विचारलं तर म्हणे, "अरे यार मम्मी, टाइमच नाही मिळाला. काल सगळ्यांसाठी वरण केलं. जाम जळलं. सगळे हसले."

चिरलेली भाजी तशीच ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

गुरुवारी सकाळी सहाला तिने इडाचं दार वाजवलं. "ऊठ. तीस किलो चकल्या आहेत."

इडा डोळे चोळत आली. प्रमोदिनीने तिच्या हातात सोऱ्या दिला, एकदाच दाखवलं आणि आपल्या कढईकडे वळली. इडाची पहिली चकली मध्येच तुटली. दुसरीही.

"ये चकली है कि केंचुआ?" जनाबाईने विचारलं. केंचुआ म्हणजे गांडूळ हे इडाला कळलं नाही, पण जनाबाईचा चेहरा कळला, आणि ती हसली. घरात ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली असावी.

जयसिंगराव दारात आले. "सूनबाई, पाहुणीला कामाला लावलंस?"

"पाहुणी नाही ती, बाबा."

"लोक काय म्हणतील?"

"चकल्या वाकड्या आहेत म्हणतील." मग इडाला, "पीठ परत मळ. पाण्याचा हात लाव. नाही, मी नाही करून देणार."

शुक्रवारी प्रमोदिनी इडाच्या शाळेत गेली. प्रिन्सिपॉल समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ग्यारहवीं में बच्चे आते ही कहाँ हैं? आप तो जानती हैं."

"तो नौवीं में बिठाइए. वहाँ तो आते हैं."

"उमर का फ़र्क़ पड़ेगा. सिलेबस भी..."

"सर, उसे मार्कशीट नहीं चाहिए. लोग चाहिए."

त्यांनी अर्ज द्या, बघू म्हटलं. तिने बाहेर शिपायाच्या टेबलावर अर्ज लिहिला, आत नेऊन दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. अर्ध्या तासाने सही झाली.

रविवारी विनीता मॅडम आल्या. इडाच्या बोटावर तेलाचा फोड होता. तो बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "ये क्या हुआ?"

"काम केलं," इडा मराठीत म्हणाली.

"तो क्या सोचा, बेटा?"

इडाने लगेच हो म्हटलं नाही. डिसेंबरपर्यंत राहून बघते, म्हणाली. तेवढंच. प्रमोदिनीला ते लागलं, पण तिने मान हलवली. मग इडा म्हणाली, "आणि मी शाळेत बसने जाणार. एकटी."

"बिल्कुल नाही," मोहनराव. "काही झालं तर जिम्मेदारी कुणाची?"

"माझी," प्रमोदिनी म्हणाली. "आपली स्वानंदी तिकडे अंधारात सायकल चालवते. ही दिवसाउजेडी बसने जाईल."

सोमवारी इडा बसने शाळेत गेली. प्रमोदिनी गल्लीच्या वळणापर्यंतही गेली नाही. साडेतीनला यायला हवी होती. पावणेचार झाले. चार वाजले. मोहनरावांचा दुकानातून दोनदा फोन आला. "जाऊन बघू का?"

"नाही."

"तू तरी फोन लाव तिला."

"तिच्याकडे माझा नंबर आहे. गरज लागली तर ती लावेल." असं म्हणून तिने पुढचा घाणा तेलात सोडला, आणि पहिल्यांदाच तिच्या चार चकल्या करपल्या.

सव्वाचारला इडा आली. घामाने निथळत, वेणी सुटलेली, चेहरा रागाने लाल. चुकीच्या स्टॉपवर उतरली होती, तिघांना विचारलं, तिघांनी तीन रस्ते सांगितले, शेवटी ती चालत आली. हे सगळं तिने बॅग आपटताना सांगितलं. नववीचा वर्ग कसा होता विचारलं तर म्हणाली, "फार ओरडतात."

मग सरळ स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरून ग्लास घेतला, माठातलं पाणी काढून उभ्यानेच प्यायली.

प्रमोदिनी तिला पाणी द्यायला अर्धी उठली होती. ती परत खाली बसली.