ब्रेस्तिकाची धुराडी

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या कडेला, रेल्वेच्या भरावाला लागून, इवांकाबाईंची भाज्यांची बाग होती. त्यांचा नवरा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बल्गेरियातून माळीकामाला आला आणि इथेच वारला. बाई काकड्या-मिरच्या लावत मागे राहिल्या. त्यांच्या माडीवर आत्माराम आणि सुलेखा हे जोडपं भाड्याने राहत होतं. आत्माराम डॉक्टरेटच्या मागे, त्याचं दिवसभर तोंड दिसत नसे. सुलेखाला जर्मन शिकवलं ते बाईंनी, भाजी तोडता तोडता. तेही मोडकंतोडकं, कारण त्यांना स्वतःला तरी कुठे धड येत होतं!

पण आपलं ब्रेस्तिका गाव सांगायला बसल्या की त्यांचं कुठे अडत नसे. ओल्या मातीत काडीने रेघ ओढायच्या, ही नदी. मुठीने माती दाबून डोंगर करायच्या. उतारावर खडे मांडायच्या, ती त्यांच्या ओब्श्तिनातली, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या तालुक्यासारख्या भागातली गावं. सगळ्यांत वरचा खडा ब्रेस्तिका.

"शंभर धुराडी होती," बाई म्हणायच्या. तिकडे गाव धुराड्यांवर मोजतात.

"आमच्याकडे उंबरे म्हणतात," सुलेखा सांगायची. तिचं माहेर भोरजवळचं, तिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे जमिनी सामुदायिक शेतीत गेल्या, पोरं शहरातल्या कारखान्यांत गेली, आणि एकेक धुराडं विझत गेलं. शेवटी गावात बाईंची थोरली बहीण स्तोयना तेवढी उरली. तिला एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून बाईंनी किती खेटे घातले, पण सरहद्दीपलीकडे जायचा परवाना काही मिळाला नाही. सरकारं कुठलीही असोत, म्हातारीच्या बहिणीची त्यांना काय पडलेली असते?

१९६४च्या उन्हाळ्यात तार आली. स्तोयना गेली.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी पातेलंभर गहू उकडले, त्यात साखर आणि अक्रोड घातले आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे वाटी धरत. सायकलवाले मान हलवून "नाइन, डांके" म्हणत आणि निघून जात. त्यांचा तरी काय दोष, त्यांना वाटलं बाई काहीतरी विकतेय.

सुलेखा बाजारातून आली तेव्हा तिच्याही पुढे वाटी आली. ती पटकन मागे सरली.

"नको, मावशी. घरात माणूस गेलं की त्या घरचं आम्ही खात नाही."

तिला वाटलं, आपण मान राखला. बाईंनी वाटी मांडीवर ठेवली.

वर जाऊन सुलेखाने जपून ठेवलेलं बेसन काढलं आणि पिठलं-भात केला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं असतं, ही रीत तिला पाठ होती. ताट घेऊन ती खाली आली. बाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला भूक नाही, किंड, पोरी. भूक स्तोयनाला आहे," त्या म्हणाल्या. "कोणी खाल्लं तरच तिला पोचतं. गावात खायला कोण उरलंय? म्हणून मी इथे बसले. दुपारपासून एकानेही घेतलं नाही."

रीत सांभाळायच्या नादात आपण त्या गेलेल्या बाईला उपाशी ठेवलं, याची सुलेखाला फार लाज वाटली. ताट बाजूला ठेवून ती तिथेच फाटकाशी मातीत बसली आणि तिने वाटी उचलली. पहिला घास घशाखाली उतरेना. लहानपणापासून आईने नको म्हटलेलं एकदम कसं उतरणार? पण तिने गिळला, मग दुसरा, आणि वाटी पुसून संपवली.

बाई ओठांतल्या ओठांत स्तोयनाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटल्या.

"एका धुराड्याचं झालं. बाकीच्यांच्या नावाने खायलाही कोणी नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

सुलेखाने त्यांना रडू दिलं. मग रिकामी वाटी पुढे केली.

"मावशी, आता शेजारच्या उंबऱ्याचं वाढा."