नाळेखालचा दोर

"ओंजळ धर, मांगा. शिंतोडे उडवू नकोस."

तांडेल, खलाशांचा म्होरक्या, गलबताच्या कठड्यावरून पाणी ओतायचा. मी खाली नाळेशी, गलबताच्या पुढच्या टोकाशी, दोरावर लोंबकळत. गलबताच्या तोंडातून समुद्रावर एक लांब दांडा निघालेला, पुढच्या शिडासाठी. वाऱ्यानं तो वर उचलला जाऊ नये म्हणून खालून जाड दोरानं नाळेला ताणलेला. त्या दोराची राखण माझ्याकडं. पाण्याच्या पिपापाशी जायची मला मनाई. निम्मं पाणी बोटांतून समुद्रात.

मी साखऱ्याचा. हिंगोलीकडचा, निजामाच्या मुलखातला. बाप अंबाडीचे दोर वळायचा. पोळ्याला पाटील नवा कासरा भुईवर टाकायला लावायचा, त्यावर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. दुसरीत माझी शाळा सुटली. मग गावही सुटलं. मुंबईच्या बंदरात उपाशी पडलो होतो. दोर वळता येतो म्हणून गलबताच्या मालकांनी कामावर घेतलं. त्यांचे उपकार हायेत, खोटं कशाला लिहू? त्या उपकारापायीच ओंजळ धरत होतो. काढून टाकलं तर जायचं कुठं?

त्या दिवशी वारं पिसाळलं. घासून घासून दोर तुटला. दांडा करकरू लागला. समोर खडक.

"उतर, मांगा!"

उतरलो. लाटा डोक्यावरून. तोंडात खारं पाणी, घसा जळून राहिला. नव्या दोराचं एक टोक नाळेला बांधलं. दुसरं दांड्याला बांधायचं सोडून कमरेला गुंडाळलं अन् वर चढलो.

"अरे, बांध ना! वर काय येतोस?" तांडेल ओरडला.

"पयलं पाणी. पिपातलं. माझ्या हातानं."

"बुडवतोस काय मेल्या?"

"मी बी बुडतोच की तुमच्यासंगं."

मालक पांढरेफटक. म्हणाले, "पिऊ दे."

प्यालो. पोटभर. मग खाली जाऊन दोर ताणून बांधला. दांडा टिकला. आमी वाचलो.

वारं पडलं तसं मालकांनी पाणी बाटलं म्हणून अख्खं पीप समुद्रात ओतायला लावलं. बंदर लागेपर्यंत सगळे सुकल्या ओठांनी बसले. मी बांधलेला दोर मात्र कुणी सोडला न्हाई.

बंदरात मालक एवढंच म्हणाले, "चांगले पांग फेडलेस."

उतरलो. आता काम न्हाई, थारा न्हाई. भीती हाय. तरी यंदा पोळ्याला साखऱ्याला जाणार. बापानं वळलेला कासरा पाटलापुढं धरणार, हातात. भुईवर टाकणार न्हाई. घेतला तर हातातून घ्यावा. न्हाईतर बैल मोकळे फिरू दे.